कवातरीवाले दादा

आमच्या जूचंद्र गावात दारू पिणारा माणूस अजून कुणाला सापडलेला नाही. हळदीच्या दुसऱ्या दिवशी मांडवामागे रिकाम्या बाटल्यांच्या गोण्या उभ्या असतात, गटारी झाली की भंगारवाल्याला आमची आळी एका फेरीत आवरत नाही, एकतीस डिसेंबरला नायगाव पूर्वेच्या दुकानांसमोर माणसावर माणूस चढलेला असतो. पण घरोघर जाऊन विचारा. ओट्यावर बसलेला कुठलाही गृहस्थ मान हलवून तेच सांगणार, "नाय गो ताय, आपला कवातरी."

आमच्या आळीतले कवातरीवाले म्हणजे दादा. नाव सांगत नाही. असे दादा प्रत्येक आळीत एकेक आहेत आणि हे आपल्याच नवऱ्यावर लिहिलंय असं प्रत्येकाच्या बायकोला वाटणार आहे, तेव्हा उगाच एकाच घरात भांडण कशाला? वय साठीला टेकलेलं. वडील मिठागरावर, स्वतः वसईच्या कारखान्यात, आता निवृत्त. जमिनीचा तुकडा टॉवरखाली गेला, त्या पैशांतून दोन रिक्षा घेतल्या आणि भाड्याने लावल्या. पांढरा शर्ट, खिशात कंगवा आणि आहेराच्या वहीसाठी पेन. गावात कुणी गेलं की बांबू तोडायला पहिला कोयता दादांचा. नवरात्रात चंडिकादेवीच्या डोंगरावर रांग सरळ करायला दादा. जूचंद्रची रांगोळी लांबलांबून लोक बघायला येतात, चेहऱ्यावरची सुरकुती नि सुरकुती आमची पोरं रंगात उतरवतात. त्या प्रदर्शनाला वीज जोडून द्यायलाही दादाच. एका वर्षी प्रेक्षकांना उकडतंय म्हणून त्यांनी स्टँडचा पंखा लावला होता. एका थोर नेत्याची अर्धी मिशी उडाली. कलाकारांनी तेव्हापासून दादांना बटणाजवळ जाऊ दिलेलं नाही.

आणि हळद. नायगाव, चंद्रपाडा, बापाणे, कामणपर्यंत कुठेही हळद असू दे, दादांना आमंत्रण असतं. नसलं तरी असतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचलं जाईल. दादा खोटं बोलत नाहीत. दारूबद्दल तर अजिबात नाही. त्यांना जे विचारलं जातं त्याचं ते खरं उत्तर देतात. अडचण एवढीच, की विचारायची तऱ्हा बदलली की दादा बदलतात.

आशाताईंचंच बघा. तिशीपुढच्या माणसांची मधुमेह-बीपीसाठी चाचपणी करायचा तो सरकारी फॉर्म घेऊन त्या येतात. सीबॅक म्हणतात त्याला. वय, तंबाखू, कमरेचा घेर, हालचाल, घरात कुणाला साखर. दारूबद्दल त्यात एकच प्रश्न: रोज दारू पिता का? हो असेल तर एक गुण, नाही तर शून्य. दादा छातीवर हात ठेवून सांगतात, "रोज? देवाशपथ नाय." आणि ते शंभर टक्के खरं असतं. सोमवार शंकराचा. मंगळवार चंडिकेचा. गुरुवार साईबाबांचा. शनिवार मारुतीचा. आठवड्यातले चार दिवस देवांनी वाटून घेतल्यावर माणूस रोज पिणार कधी? आशाताई शून्य लिहितात. कमरेला टेप लावताना मात्र दादा श्वास आत ओढून धरतात. लबाडी म्हणायची तर तेवढीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवाले आले असते तरी दादा तसेच निसटले असते. तिथे विचारतात, किती वेळा घेता: जवळजवळ रोज, आठवड्यातून साधारण एकदा, की आठवड्यातून एकदापेक्षा कमी? आता बुधवार, शुक्रवार, रविवार घेणाऱ्याने कुठे बसायचं? रोजच्या जवळपासही तो नाही आणि एकदावरही तो थांबत नाही. दोन घरांच्या मधल्या बोळात सापडलेला माणूस ज्या घरात अब्रू आहे त्या घरात शिरतो. २०१९-२१ च्या त्या पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू घेणारे १८.८ टक्के निघाले आणि बायकांत १.३ टक्के. हे आकडे मी दादांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढला आणि खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं, "एवढी लोकं पितात?"

याला इतिहास आहे, तोही सांगायला हवा. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. तो अजून पुसला गेलेला नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं विदेशीला ५ रुपये आणि देशीला २ रुपये असा मिळत आला, आणि कायमचा परवाना घ्यायचा तर आपल्याला ती आरोग्य राखण्यासाठी लागते असं कागदावर येतं. दादांच्या वडिलांच्या काळात खाडीकडेला तिवरांच्या आत भट्ट्या लागत, आणि गावात अनोळखी माणूस हातात कागद घेऊन शिरला की तो दारूबंदी खात्याचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कागदवाल्याला "आमच्याकडे कोणी पीत नाय" हे उत्तर दादांना बाळकडूबरोबर मिळालेलं. आता कागद जाऊन टॅब आला आणि विचारणारी पोर आरोग्यविज्ञान शिकलेली असली, तरी दादांच्या कानात ती जुनी शिट्टी वाजतेच.

ही पोर म्हणजे माझी भाची. सार्वजनिक आरोग्य हा विषय घेऊन मुंबईत शिकते, सुट्टीत माझ्याकडे राहायला आली होती. पुढे तिला गावोगाव जाऊन लोकांना दारूचे प्रश्न विचारायचे होते आणि त्याआधी हात साफ करायला कुणीतरी हवं होतं. मी दादांचं नाव सुचवलं. दादा खूष. "पोरीच्या शिक्षणाला मदत म्हनजे पुन्याचा काम," म्हणाले. ते सख्खे शेजारी, म्हणून तिचे मामाच.

तिने पहिल्यांदा काढली ती सगळ्यांत जुनी आणि सोपी पद्धत. किती वेळा घेता आणि एका वेळी साधारण किती? दोन आकडे, त्यांचा गुणाकार, झालं. जगभर हेच विचारतात, कारण वेळ लागत नाही. दादा म्हणाले, महिन्यातून एखादवेळा, एक पेग, फार तर दीड. भाचीने गुणाकार केला तेव्हा दादांची वर्षाची दारू एका बादलीत तळालाही लागली नसती.

मग तिने उलटी पद्धत काढली. हिच्यात वरून खाली येतात. गेल्या वर्षभरात एका दिवसात जास्तीत जास्त किती घेतली होती? तेवढी वर्षातून किती वेळा? मग त्याच्याहून थोडी कमी किती वेळा? पायरी पायरीने उतरत एक पेगपर्यंत. पण तो पहिला शब्दच दादांच्या कानाला गोड लागला. जास्तीत जास्त! ताठ होऊन बसले. पुतण्याच्या हळदीची रात्र त्यांनी अर्धा तास सांगितली. कोण कोण आडवे झाले, कोणाला रिक्षात घालून चंद्रपाड्याला सोडलं, आणि शेवटी मांडवात ताठ उभा एकटा कोण होता. मग उतरताना प्रत्येक पायरीवर मोठ्या मनाने दिवस वाटत गेले. "तेवढी? आठवड्यातना एकदा. त्याच्या खालची? ती तर असतेच." भाचीने बेरीज केली. दादांचं वर्ष ४१२ दिवसांचं झालं होतं. ती हसली नाही, उलट म्हणाली की या पद्धतीत असं होतं, पुस्तकात लिहिलंय. माणसं पायऱ्या एकमेकींवर चढवतात आणि वर्ष ३६५ च्या बाहेर सांडतं. दादांना यात काहीच वावगं वाटलं नाही. हळदीची रात्र एका दिवसात बसते कुठे?

एकाच माणसाने तासाभराच्या आत महिन्यातून एक पेग आणि वर्षाचे ४१२ दिवस अशी दोन उत्तरं दिली आणि दोन्ही मनापासून दिली. पहिल्या प्रश्नात त्यांना साधारण दिवसाबद्दल विचारलं होतं, आणि दादांच्या हिशेबी साधारण दिवस म्हणजे ज्या दिवशी काही कारण नसतं तो. हळद कारण, बारसं कारण, भारत जिंकला कारण, हरला तर मोठं कारण. बिनकारणाची खरोखरच महिन्यातून एखादी. दुसऱ्या प्रश्नात कारणांची दारं उघडली.

हे एकट्या दादांचं नाही. पाहणीत लोकांनी सांगितलेली दारू आणि देशात विकली गेलेली दारू यांचा मेळ कुठेच बसत नाही. बहुतेक ठिकाणी सांगितलेली ही विकलेलीच्या ४० ते ६० टक्के भरते. उरलेली कोण पितं? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००४ साली आपल्या देशाच्या पाहणीतली ही गफलत तपासली. किती वेळा आणि साधारण किती हा प्रश्न विक्रीच्या आकड्यापासून सगळ्यांत लांब राहिला, आणि फक्त कालचं विचारणारा प्रश्न सगळ्यांत जवळ पोचला. काल म्हणजे ताजं; काल काय केलं हे विसरायला माणूस पुढारी असावा लागतो. भाचीने लगेच विचारलं, "मामा, काल किती घेतली?"

"काल गुरवार व्हता," दादा म्हणाले.

यात पद्धतीचा दोष नाही. हजार माणसांना आठवड्याच्या वेगवेगळ्या वारी कालचं विचारलं तर हजारांचं चित्र नीट उमटतं. एकट्या दादांना शुक्रवारी विचारलं तर संत सापडतो. श्रावणाचंही तसंच. आमच्याकडे श्रावणात पाहणी केली तर पालघर जिल्हा जवळजवळ निर्व्यसनी निघेल, आणि आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात केली तर दिल्लीहून पथक पाठवतील.

वहीची पद्धत दोन दिवसांत निकालात निघाली. रोजच्या रोज लिहून ठेवा, अशी ती पद्धत. पहिल्या रात्री लिहावं लागेल म्हणून दादांनी घेतलीच नाही, दुसऱ्या रात्री त्याच वहीत मांडववाल्याचा हिशेब लिहिला. टॅबची त्याहून वाईट गत. कानात हेडफोन, प्रश्न फक्त उत्तर देणाऱ्यालाच ऐकू येणार, त्याने गुपचूप आकडा दाबायचा. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून लोक अवघड गोष्टी मोकळेपणी सांगतात. दादांनी हेडफोन चढवला आणि कान झाकले गेल्यामुळे आवाजाचा अंदाज सुटला. "तीन नंबर दाबू ना? आठवड्यातना दोन-तीन वेला?" हे मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू गेलं. ओट्यावर तोवर सहा माणसं जमली होती. त्यांतल्या चौघांचं मत चार नंबर दाबावा असं पडलं.

खरी मजा कॅलेंडरने आणली. ही पद्धत लिंडा आणि मार्क सोबेल या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने बसवलेली. समोर दिनदर्शिका ठेवायची आणि आजपासून एकेक दिवस मागे जायचं. आधी सण, लग्नं, पगार, पाहुणे, आजारपणं त्यावर मांडून घ्यायची, मग त्या खुंट्यांना धरून दारू आठवायची. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या दारूग्रस्त पुरुषांवर 'संगथ' संस्थेच्या मंडळींनी समुपदेशनाची जी मोठी चाचणी घेतली, २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आली ती, तिच्यात रोजची सरासरी दारू याच पद्धतीने मोजली होती, मागच्या चौदा दिवसांची. ३७७ पुरुष होते.

भाचीने भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. मे महिन्याचं पान. ते मामींचं, म्हणजे दादांच्या बायकोचं, खातं होतं: दुधाच्या खुणा, सिलिंडर लावल्याची तारीख, बचत गटाची मीटिंग आणि पेन्सिलीने प्रत्येक हळद.

"मामा, हा शुक्रवार."

"काय नाय त्या दिवशी."

"इथे 'चंद्रपाडा हळद' लिहिलंय."

"हां, ती व्हय! पन हलदीची काय धरतेस? ती तर लोकांची."

"किती घेतली?"

"दोन."

आतून मामींचा आवाज आला, "दोन वाजता आले."

भाचीने एक दिवस मागे सरकून बोट ठेवलं. गुरुवार. त्या रात्रीही पेन्सिलीची खूण होती. दादांनी गुरुवार पाळला होताच. बारा वाजेपर्यंत मांडवात नुसता सोडा घेऊन बसले होते. बारा वाजून पाच मिनिटांनी शुक्रवार लागला. इथे मी मध्ये बोललो, की दादा, आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो. दादा म्हणाले, देवाचा सूर्योदयाला बदलतो, मानसाचा घड्यालात. पण हेच दादा आषाढी अमावास्येला पंचांग धरतात. अमावास्या किती वाजून किती मिनिटांनी संपते हे त्याच कालनिर्णयात बघतात आणि शेवटचं मिनिट वाया जाऊ देत नाहीत.

"रविवार?"

"रविवारी घरीच व्हतो. नाय घेतली."

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "नाय ना घेतली? मग सोमवारी सकाली फ्रिजमधना चपला मी काढल्या, त्या कोनाच्या?"

दादा बराच वेळ कालनिर्णयाकडे बघत राहिले. त्यांना ते खरंच आठवत नव्हतं. चपला मात्र आठवल्या. थंड लागल्या होत्या.

असं करत चौदा दिवस झाले. सात दिवस भरले. मामी दाराला टेकून उभ्या होत्या म्हणून सात. त्या बाजारात असत्या तर चार झाले असते. बायकोला विचारणं हीसुद्धा शास्त्रात मान्य असलेली पद्धत आहे, पण मामींची स्वतःची पद्धत मला कुठल्या पुस्तकात दिसली नाही. त्या बाटल्या मोजत नाहीत, कारण बाटल्या घरात दिसतच नाहीत. त्या बर्फाचा ट्रे बघतात, शेंगदाण्याचा डबा हलवून बघतात आणि नवरा जिना चढताना कठड्याला हात लावतो का ते ऐकतात.

दिवस ठरले, आता माप. भारतात एक प्रमाणित मात्रा म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते. तिचा ३० मिलीचा छोटा पेग भरला की जेमतेम १० ग्रॅम होतात. म्हणजे एक क्वार्टर, १८० मिली, सहा मात्रा. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बियर चार मात्रा. बियरचं हे गणित दादांना बिलकुल मान्य झालं नाही. बियर ही दारूत धरतात हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि त्यांचा शिक्षणावरचा विश्वास थोडा उडाला. ताडी तर औषध. सकाळी झाडावरून उतरलेली गोड असते, उन्हं चढतात तशी आंबत जाते, तीच ताडी दुपारी वेगळी आणि संध्याकाळी वेगळी. तिची मात्रा कोणत्या वेळची धरायची? गोव्यात २००८ च्या सुमाराला एका अभ्यासगटाने म्हणूनच नुसत्या सांगण्यावर विसंबायचं सोडलं. लोक जे पितात त्यात प्रत्यक्ष अल्कोहोल किती आणि त्यांच्या घरचा पेला केवढा, हेच मोजायला घेतलं.

भाचीनेही तेच केलं. "मामा, तुमचा पेला आणा आणि तुम्ही घालता तेवढं पाणी घाला."

पेला स्टीलचा होता, पाणी पिण्याचा. दादांनी बाहेरून दोन बोटं आडवी लावली. स्टीलच्या पेल्यात बाहेरून बोटं लावून आतलं काय दिसणार, असं मला वाटलं, पण दादांचा हात अंदाजाचा. त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं, मान वाकडी करून आत बघितलं, थोडं थांबले, आणि मग मनगट हलकेच झटकून आणखी एक धार सोडली. ती शेवटची धार त्यांनी इतकी सहज सोडली, की ती मोजायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. भाचीने पाणी मापाच्या कपात ओतलं. ७५ मिली.

"हा एक पेग?"

"एक."

"आणि असे किती?"

"तीन. पन बाटली एकच, क्वार्टर. तीपन दोघांत."

भाचीने मांडून दाखवलं. तीन पेग म्हणजे २२५ मिली. क्वार्टर असते १८० ची, आणि तिच्यात अर्धा वाटा दुसऱ्याचा. म्हणजे ९० मिलीतून दादांनी २२५ काढली. दादा जराही डगमगले नाहीत. त्यांनी माझ्याकडे अभिमानाने बघितलं आणि म्हणाले, "आमच्या चंडिकेची कृपा हाय." मग हळूच कबूल केलं, की पहिली क्वार्टर संपल्यावर दुसरी येते, पण ती दुसऱ्याच्या पैशाची असते, म्हणून आपल्या नावावर धरत नाहीत. धरायची तर ज्याने पैसे दिले त्याने धरावी. आणि तो का धरत नाही? तर त्याने प्यायलेली नसते.

एकूण तीन पेग, साडेसात मात्रा.

एव्हाना भाचीच्या लक्षात आलं होतं की दादा स्वतःबद्दल जेवढे धूसर, तेवढे दुसऱ्याबद्दल लख्ख. समोरच्या ओट्यावरच्या आणखी एका कवातरीवाल्याबद्दल तिने सहज विचारलं. दादांनी ब्रँड सांगितला, वार सांगितले, सोडा की पाणी ते सांगितलं, उधारी किती आणि कोणाकडे ते सांगितलं, आणि गेल्या बुधवारी तो कुठल्या गटाराशेजारी, कुठल्या कुशीवर झोपला होता तेही. "तुम्ही तिथे होतात?" "मग? त्याला उठवत व्हतो." संध्याकाळी तिने तो समोरचा गाठला. त्यानेही दादांबद्दल तितकीच चोख माहिती दिली, अगदी गटारासकट. फक्त कोण कोणाला उठवत होतं यावर दोघांत एकवाक्यता झाली नाही.

शेवटी राहिली ती जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची प्रश्नावली. गुरुवार होता. भाची ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मामा, आज ऑडिट करायचंय."

दादा उठून घरात गेले. बराच वेळ आत कपाट उघडल्याचे आवाज येत होते. बाहेर आले ते उत्सव मंडळाची तीन वर्षांची पावतीपुस्तकं घेऊन, आणि घाम पुसत म्हणाले, मंडपाचा बिल तेवढा मिलत नाय, बाकी सगला चोख हाय. प्रश्नावलीचंच नाव तसं आहे हे समजावून सांगितल्यावर त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यानंतरची दहाही उत्तरं त्यांनी कधी नव्हे इतकी मोकळेपणी दिली. पहिले तीन प्रश्न किती वेळा, किती, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त मात्रा किती वेळा. सहा मात्रा म्हणजे नेमकी एक क्वार्टर. हे ठरवणारा आमच्याकडे कधीतरी येऊन गेला असावा. पहिल्या दिवशीच्या दादांना या तीन प्रश्नांत मिळून एकच गुण पडला असता. कॅलेंडर आणि पेल्यातून गेलेल्या दादांना नऊ पडले. सकाळी उठल्या उठल्या लागते का? छे, सकाली चाय. घेतल्यावर पश्चात्ताप होतो? "कशाचा?" शून्य. आदल्या रात्रीचं आठवत नाही असं होतं? दादांनी मामींकडे बघितलं, मामींनी फ्रिजकडे. एक. दारूमुळे कामं राहिली? एकदा पुतणीला स्टेशनवरून आणायचं राहून गेलं होतं, एक. कधी कुणाला इजा? पाच वर्षांपूर्वी बापाणे फाट्याजवळ बाइकवरून पडले होते. गेल्या वर्षातली नाही, तरी दोन. घरच्यांनी, मित्रांनी, डॉक्टरांनी कमी करा असं सांगितलंय? "कोन नाय सांगत ते विचार." चार.

बेरीज सतरा. गोव्यातल्या त्या चाचणीत बारा ते एकोणीस गुणांच्या पुरुषांना घेतलं होतं. दादा तिथे आपोआप बसले असते. आठ झाले की सावध व्हायचं, वीस झाले की व्यसन जडल्याची शंका घ्यायची. भाचीने हे सगळं सांगायला तोंड उघडलं, पण दादांनी हात वर करून तिला थांबवलं.

"कितीपैकी सतरा?"

"चाळीसपैकी."

दादा ओठ हलवत हिशेब करू लागले. पस्तीस टक्क्यांना पास धरलं तर चाळीसचे चौदा होतात. वर तीन. कारखान्यातल्या खात्यांतर्गत परीक्षेत ते दोनदा नापास झाले होते, त्यामुळे हा आकडा त्यांना दोनदा पडताळून बघावासा वाटला. मग त्यांनी मामींना हाक मारली, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "पोरीने माना पास केला. बसाया पायजे." मी घड्याळाकडे बघितलं तर त्यांनी माझा हात धरला. "आज नाय रे. आज गुरवार हाय. बारानंतर ये."